फेंडर ब्लूज ज्युनियर, एक केबल आणि तीन पेडल्स: दीड वर्षाच्या वापरानंतर

इलेक्ट्रिक गिटार थेट अ‍ॅम्पला (अ‍ॅम्प्लिफायरला) जोडावी की मध्ये पेडल्स (पायाने दाबायच्या, आवाज बदलणाऱ्या छोट्या पेट्या) ठेवावीत, या वादात दीड वर्षापूर्वी माझी बाजू ठाम होती. तोपर्यंत मी एका मल्टी-इफेक्ट्स यंत्रावर वाजवत होतो. त्यात शंभरावर तयार आवाज भरलेले होते आणि रोज संध्याकाळचा निम्मा वेळ ते आवाज बदलून पाहण्यातच जात असे. त्याला कंटाळून ते यंत्र विकले, साठवलेले थोडे पैसे त्यात घातले आणि फेंडर कंपनीचा ब्लूज ज्युनियर हा अ‍ॅम्प घरी आणला. यापुढे गिटार, केबल आणि अ‍ॅम्प एवढेच, मध्ये काहीही नाही, असा निश्चय केला होता. तो निश्चय चार महिने टिकला. त्यानंतर एकामागून एक तीन पेडल्स घरात आली, त्यांतले एक आता कायमचे जमिनीवर आहे, एक ऋतुमानाप्रमाणे वापरतो आणि एकावर धूळ आहे. असे का झाले, ते सांगताना या चारही वस्तूंचे परीक्षण आपोआपच होईल.

माझ्या अ‍ॅम्पविषयी आधी थोडे. ब्लूज ज्युनियर प्रथम १९९०च्या दशकाच्या मध्यात बाजारात आला. माझ्याकडे आहे ती २०१८ साली आलेली चौथी आवृत्ती. पंधरा वॅट, बारा इंची एक सेलेस्टियन स्पीकर, पुढच्या टप्प्यात १२एएक्स-७ जातीचे तीन छोटे व्हॉल्व्ह (सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या) आणि शेवटच्या टप्प्यात ईएल-८४ जातीचे दोन, असा हा सरळ हिशोब आहे. इनपुट एकच, चॅनेल एकच. व्हॉल्यूम, ट्रेबल, मिडल, बास, मास्टर (एकूण आवाज ठरवणारा) आणि रिव्हर्ब (घुमारा देणारा) हे सहा नॉब, आणि मधला पट्टा उचलून आवाज जाड करणारे ‘फॅट’ नावाचे एक बटन. वजन सुमारे चौदा किलो, म्हणजे लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नेताना दोनदा टेकवावा लागेल इतके. गिटार मेक्सिकोत बनलेली टेलिकास्टर आहे, दोन सिंगल-कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारेची थरथर पकडणारी चुंबकी गुंडाळी), आणि केबल तीन मीटरची.

बटन दाबल्यावर लाल दिवा लागतो, पण आवाज यायला वीस-तीस सेकंद लागतात. ज्यांच्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना ही वाट पाहण्याची सवय असेल. व्हॉल्यूम चारवर आणि मास्टर मोकळा ठेवून पहिल्यांदा ए मेजर वाजवला, तेव्हा मल्टी-इफेक्ट्सच्या काळात कधी न ऐकलेली एक गोष्ट कानावर आली: सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या आणि त्यांतली दुसरी तार किंचित बेसूर होती. ती बेसूर तार आधीही असणार, पण कोरस (एका सुराचे अनेक भासवणारा) आणि डिले (प्रतिध्वनी देणारा) या इफेक्ट्सच्या धुक्यात ती कधी दिसली नव्हती. थेट अ‍ॅम्पला जोडून वाजवणे हे सुरुवातीचे दोन आठवडे म्हणजे हात दाखवून अवलक्षण होते. डाव्या हाताची बोटे उचलताना होणारी खरखर, पिक दोन वेळा सारख्या जोराने न पडणे, बेंड करताना, म्हणजे तार ओढून सूर चढवताना, तो पाऊण अंतरावर थांबणे, हे सगळे तो अ‍ॅम्प काहीही न लपवता समोर ठेवत होता. मात्र त्याच दोन आठवड्यांत माझा उजवा हात जितका सुधारला तितका आधीच्या तीन वर्षांत सुधारला नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

या अ‍ॅम्पचे खरे रूप पाहायचे तर त्याला मोकळी जागा हवी. आमच्या ओळखीतल्या एका जॅमरूममध्ये तासाच्या भाड्याने गेलो, व्हॉल्यूम आठवर नेला, मास्टर बारावर नेला (हो, या नॉबवर आकडे दहापर्यंत नसून बारापर्यंत आहेत), आणि गिटारचा स्वतःचा व्हॉल्यूम नॉब चारवर ठेवून वाजवायला सुरुवात केली. आवाज स्वच्छ होता, काचेसारखा, थोडा मऊ. नॉब सहावर नेल्यावर पिक जोरात मारली तरच कडा खरबरीत होई, हलकी मारली तर नाही. आठवर कॉर्ड गुरगुरू लागला. दहावर एकच सूर धरून ठेवला तर तो विझण्याऐवजी फुलत गेला आणि शेवटी स्पीकरच्या हवेने तार स्वतःच थरथरू लागली. हे सगळे करंगळीने फिरवलेल्या एका नॉबवर आणि पिकच्या जोरावर झाले, पायाने काहीही दाबले नाही. थेट अ‍ॅम्पच्या बाजूचे लोक ज्यासाठी भांडतात ते हेच आहे, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही.

यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढची सगळी भानगड तिच्यातूनच निघते. व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपेक्षा मोठा सिग्नल दिला की तो लहरीचे शेंडे एकदम कापत नाही, आधी दाबतो आणि मग हळूहळू सपाट करतो. या सपाट होण्यातून मूळ सुराचे नवे स्वरांश तयार होतात आणि कानाला ती ‘गुरगुर’ वाटते. पण या अ‍ॅम्पमध्ये हे एकाच ठिकाणी घडत नाही. पुढचे छोटे व्हॉल्व्ह, शेवटचे ईएल-८४, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि जोराने हलणारा स्पीकरचा कागद, असे चार टप्पे आपापल्या परीने थोडे थोडे दबतात. हे चारही एकत्र दबतात तेव्हाच वर वर्णन केलेला आवाज मिळतो, आणि त्यासाठी अ‍ॅम्प खरोखर मोठ्याने वाजावा लागतो.

येथे पंधरा वॅट या आकड्याने फसू नये. गिटारच्या बारा इंची स्पीकरांची संवेदनक्षमता एका वॅटला, एक मीटरवर, साधारण ९७ ते १०० डेसिबल असते. पंधरा वॅट म्हणजे त्यात आणखी जवळजवळ बारा डेसिबलची भर. आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ आहे. ती मर्यादा घराबाहेरची असते आणि भिंती काही आवाज अडवतात, हे सगळे मान्य केले तरी या दोन आकड्यांमधले अंतर भिंतीने भरून निघणारे नाही. बरे, पंधराऐवजी दीड वॅटचा अ‍ॅम्प घेतला तर प्रश्न सुटतो, असेही नाही. वॅट एकदशांश झाले की आवाज फक्त दहा डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला तो सुमारे निम्मा वाटतो.

मला हे गणित खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन वाक्यांत समजावले. एका रविवारी दुपारी मी मास्टर पाचवर नेला होता. त्या वर आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो, गाणं छान आहे, त्याबद्दल काही नाही. पण तुमची ती जाडी तार वाजली ना, की आमच्या मांडणीतले पेले वाजतात.” खाली जाऊन पाहिले तर खरोखरच स्टीलचे दोन पेले एकमेकांना अगदी टेकून ठेवलेले होते, आणि वर माझ्या मुलाने सहावी तार मोकळी वाजवली की बरोबर त्या सुरावर किणकिणत होते. सहावी तार सुमारे ८२ हर्ट्झवर असते आणि इतका खालचा सूर स्लॅबमधून सहज खाली उतरतो. पेले लांब ठेवून प्रश्न मिटला, पण घरी मास्टर त्यानंतर दोनच्या वर गेलेला नाही.

मास्टर दोनवर ठेवून व्हॉल्यूम दहावर नेला तर गुरगुर मिळते, नाही असे नाही. पण ती फक्त पुढच्या छोट्या व्हॉल्व्हची असते. मागचे तीन टप्पे आरामात बसलेले असतात, त्यामुळे आवाज पातळ आणि किंचित माशीसारखा येतो. त्यात कानाचा स्वभावही आडवा येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले होते की, आवाज हळू असताना माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर तुलनेने कमी ऐकू येतात. म्हणून जॅमरूममध्ये जी नॉबांची मांडणी भरदार वाटली, तीच घरी जशीच्या तशी ठेवली तर कुपोषित वाटते. घरी बास दोन-तीन अंकांनी वाढवावा लागतो आणि ‘फॅट’चे बटन जवळजवळ कायम दाबलेले असते. थेट अ‍ॅम्पच्या बाजूने बोलणारे बहुतेक लोक ही गोष्ट सांगत नाहीत. त्यांच्याकडे बहुधा गॅरेज किंवा बंगला असावा.

अशा परिस्थितीत आयबानीझचे टीएस-९ ट्यूब स्क्रीमर घरात आले. या हिरव्या पेडलचा जन्म जपानचा. मॅक्सन या नावाने उपकरणे बनवणाऱ्या निशिन ऑनपा कंपनीत सुसुमू तामुरा यांनी त्याचे मूळ सर्किट तयार केले, १९७९च्या सुमारास ते टीएस-८०८ या नावाने आयबानीझच्या छापाखाली आले आणि १९८२ मध्ये त्याची टीएस-९ ही आवृत्ती निघाली. ड्राइव्ह, टोन आणि लेव्हल असे तीन नॉब, पायाखाली मोठी चौकोनी पट्टी, आत नऊ व्होल्टची बॅटरी. नाव ‘ट्यूब’ स्क्रीमर असले तरी आत एकही ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्ह, नाही; सूर फोडण्याचे काम एक आयसी (चिप) आणि दोन डायोड करतात.

विकत घेतल्यावर मी तेच केले जे सगळे करतात: ड्राइव्ह पूर्ण उघडला. फारसे आवडले नाही. नाकात बोलल्यासारखा आवाज आला, कारण हे सर्किट सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला मुद्दामच कमी उचल देते आणि टोनचा टप्पा वरचा भाग छाटतो. राहतो तो मधला उंचवटा. मग स्टीव्ही रे व्हॉनसारखे वादक हे पेडल फेंडरच्या अ‍ॅम्पांपुढे ड्राइव्ह कमी आणि लेव्हल भरपूर ठेवून वापरत, हे आठवले. तसे करून पाहिले. ड्राइव्ह नऊच्या काट्यावर, लेव्हल तीनच्या काट्यावर, टोन मध्यावर, आणि अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम पाचवर, म्हणजे अ‍ॅम्प स्वतः जिथे फुटू की नको अशा बेतात असतो तिथे. फरक चकित करणारा होता. पेडल स्वतः फारसे काही करत नव्हते, ते फक्त पहिल्या व्हॉल्व्हच्या पाठीत हात घालून त्याला पुढे ढकलत होते. खालचा भाग पेडलने आधीच थोडा रोखलेला असल्यामुळे टेलिकास्टरची जाडी तार चिखलासारखी पसरत नव्हती, आणि फेंडरच्या अ‍ॅम्पांत मधला पट्टा जिथे खोल असतो नेमक्या त्याच जागी या पेडलचा उंचवटा येऊन बसत होता. दोघांच्या उणिवा दोघांनी एकमेकांच्या भरून काढल्या.

आणखी एक बारकावा या पेडलमध्ये आहे, जो ऐकूनच पटतो. त्याच्या सर्किटच्या रचनेमुळे डायोडांनी दाबलेल्या सिग्नलसोबत मूळ न दबलेला सिग्नलही बाहेर येतो. म्हणून जोरात वाजवले तरी पिकचा पहिला टणत्कार शाबूत राहतो आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब पाचवर आणला तर आवाज बऱ्यापैकी स्वच्छ होतो. थेट अ‍ॅम्पच्या आवाजातले जे मला सर्वांत प्रिय होते, म्हणजे हाताला मिळणारे उत्तर, ते येथे पूर्ण नाही तरी बारा आणे हाती लागते, आणि तेही मास्टर दोनवर असताना. घरात वाजवणाऱ्या माणसाला हे पेडल शिफारस करायला मी कचरणार नाही. मात्र अट अशी की ज्या अ‍ॅम्पला ते ढकलणार आहे तो चांगला हवा. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून?

पेडल म्हणजे भेसळ आणि थेट अ‍ॅम्प म्हणजे शुद्धता, ही मांडणी मला आता पटेनाशी झाली आहे. विकृत आवाजाची सगळी गोष्टच मुळी बिघाडापासून सुरू होते. १९६०-६१च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये एका ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन यांची सहा तारांची बास गिटार बिघडलेल्या मिक्सिंग डेस्कमधून गेली आणि फाटल्यासारखा आवाज आला. तो मुद्दाम ठेवला गेला, त्या आवाजाची नक्कल करणारे सर्किट ग्लेन स्नॉडी या अभियंत्याने तयार केले आणि १९६२ मध्ये गिब्सनने ते माएस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आणले. अ‍ॅम्पची गुरगुर तरी काय, कुवतीबाहेर चालवलेल्या यंत्राची तक्रारच आहे. आपल्याला याचे आश्चर्य वाटू नये, कारण तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेला सुती धागा हेच काम करतो. तार घोडीला नीट टेकत नाही, चाटून जाते, आणि त्या चाटण्यातून स्वरांशांचा तो गुंजारव उभा राहतो. मिरजेचा कारागीर घोडी घासत ज्या जवारीसाठी दिवस घालवतो, तिला कोणी भेसळ म्हणत नाही. ए.सी./डी.सी. या रॉक बँडचा गिटारवादक अँगस यंग हा ‘एसजी गिटार आणि मार्शल अ‍ॅम्प, मध्ये काही नाही’ या पंथाचा आदर्श मानला जातो, पण १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो केन शेफर यांची वायरलेस यंत्रणा वापरत असे, आणि सिग्नल दाबून पुन्हा फुलवणाऱ्या तिच्या सर्किटचा रंग त्या आवाजात मिसळलेला होता. म्हणजे मध्ये काहीतरी होतेच, फक्त ते पायाखाली नव्हते.

दुसरे पेडल जर्मेनियम फझ आहे, म्हणजे जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांनी सूर फाडणारे. हे एका हौशी कारागिराने घरी जोडलेले, १९६६ साली लंडनमध्ये निघालेल्या फझ फेसच्या धर्तीवरचे. दोन ट्रान्झिस्टर आणि मोजून दहा-बारा सुटे भाग, एवढेच आत आहे. जिमी हेंड्रिक्समुळे ही जात सर्वांना ठाऊक आहे. गिटारचा नॉब दहावर असताना आवाज लोकरीसारखा दाट आणि जरा उद्धट येतो, पण नॉब सहावर आणला की जो स्वच्छ, टोकदार आवाज निघतो तो थेट अ‍ॅम्पलाही मिळत नाही. मला हे पेडल त्या स्वच्छ आवाजासाठीच आवडते, हे विचित्र वाटेल. मात्र त्याचे नखरे फार. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधला गळतीचा प्रवाह उष्णतेने वाढतो, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी चार वाजता पुण्यातल्या पश्चिमेकडच्या खोलीत हे पेडल अक्षरशः घसा बसल्यासारखे वाजते. सूर तुटतो, शेपटी खरखरत विझते. ते रात्री दहानंतर पुन्हा बरे होते, पण रात्री दहानंतर मी वाजवू शकत नाही. म्हणून जून ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम.

त्याचा दुसरा नखरा माझ्या खिशाला भोवला. या जातीच्या बऱ्याच जुन्या धर्तीच्या फझ पेडलांत बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते, तर आजकालच्या बहुतेक पेडलांत ऋण टोक. ही गोष्ट कारागिराने मला सांगितली होती. मी ती विसरलो, एकाच अ‍ॅडॅप्टरच्या फाटे फुटलेल्या वायरीने तिन्ही पेडल्स जोडली आणि बटन दाबले. ‘टक’ असा लहानसा आवाज, पाठोपाठ जळक्या प्लास्टिकचा वास. पेडल्स वाचली, अ‍ॅडॅप्टर गेला. तेव्हापासून फझला साधी स्वस्त झिंक-कार्बन बॅटरी आणि बाकीच्यांना वेगवेगळे फाटे असलेला पुरवठा. फझ नेहमी गिटारच्या लगेच पुढे ठेवावे लागते, कारण त्याला थेट पिकअपशी संबंध हवा असतो. मध्ये टीएस-९ आले तर ते बंद असतानाही त्यातला बफर (सिग्नलला बळ देणारे छोटे सर्किट) गिटारला आणि फझला एकमेकांपासून तोडतो, आणि मग नॉब फिरवून आवाज स्वच्छ होण्याची जादू नाहीशी होते.

तिसरे पेडल, ज्यावर धूळ आहे असे वर म्हटले ते, बॉसचे डीडी-३ डिजिटल डिले. यात पेडलचा काही दोष नाही, हे आधी सांगून टाकतो. बॉसने १९८३ मध्ये डीडी-२ या नावाने पायाखालच्या आकाराचे पहिले डिजिटल डिले आणले आणि १९८६च्या सुमारास आलेले डीडी-३ त्याचाच पुढचा अवतार. जास्तीत जास्त ८०० मिलिसेकंदांचा प्रतिध्वनी, चार नॉब, आणि चालताना पायाखाली आले तरी न फुटणारी पेटी. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ३७५ मिलिसेकंद ठेवले की प्रत्येक सूर पाऊण मात्रेने परत येतो आणि दोन बोटांनी वाजवलेली साधी ओळही विणल्यासारखी ऐकू येते. पहिला आठवडा मी दुसरे काही वाजवलेच नाही.

अडचण अ‍ॅम्पच्या रचनेची आहे. ब्लूज ज्युनियरला इफेक्ट्स लूप नाही, म्हणजे पुढचे व्हॉल्व्ह आणि शेवटचे व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पेडल घालण्याची सोय नाही. डिले अ‍ॅम्पच्या आधीच लावावे लागते. अ‍ॅम्प स्वच्छ असेल तर काही बिघडत नाही. पण अ‍ॅम्प गुरगुरत असेल तर मूळ सूर आणि त्याचे सगळे प्रतिध्वनी एकत्र होऊन एकाच तोंडाच्या व्हॉल्व्हमध्ये घुसतात आणि तेथे त्यांची खिचडी होते. हळू झालेला प्रतिध्वनीही अ‍ॅम्प पुन्हा वर उचलतो, त्यामुळे तो विझता विझत नाही. याचा अर्थ असा की या अ‍ॅम्पवर माणसाला निवड करावी लागते. गुरगुर अ‍ॅम्पची हवी असेल तर डिले सोडावे. डिले हवे असेल तर अ‍ॅम्प स्वच्छ ठेवावा आणि गुरगुर पेडलकडून घ्यावी. थेट की पेडल हा वाद म्हणजे प्रत्यक्षात हीच निवड आहे, असे मला दीड वर्षानंतर वाटते. आवाज खराब करण्याचे काम अ‍ॅम्पकडे द्यायचे की पायाकडे, हे एकदा ठरले की पेडलांची संख्या, त्यांचा क्रम आणि अ‍ॅम्पची जात हे सगळे त्यामागून ठरत जाते. मी ते काम अ‍ॅम्पकडे दिले, म्हणून डिलेवर धूळ बसली. ज्यांना मोठ्या, हवेशीर, तरंगत्या आवाजाची आवड आहे त्यांनी उलटे करावे, आणि मग ब्लूज ज्युनियर घेण्यापूर्वी लूप असलेला, जास्त वॅटचा आणि उशिरा फुटणारा अ‍ॅम्प पाहावा.

गोंगाटाविषयीही बोलले पाहिजे, कारण खरेदीच्या वेळी त्याबद्दल कोणी बोलत नाही. सिंगल-कॉइल पिकअप विजेच्या ५० हर्ट्झची भुणभुण उचलतो, ते त्याच्या स्वभावातच आहे. थेट अ‍ॅम्पला जोडलेले असताना ही भुणभुण सुसह्य असते. टीएस-९ने सिग्नल उचलला की तीही उचलली जाते. आमच्याकडे ती इतकी वाढली की मी महिनाभर पेडलला दोष देत राहिलो. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावले, त्याने टेस्टर लावला आणि सांगितले, “साहेब, या प्लगला अर्थिंगच नाही. तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे.” जुन्या इमारतींत हे सर्रास असते. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये आत तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि तुमचा हात तारांवाटे त्याच जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ भुणभुणीचा नाही. नवीन अ‍ॅम्प घेणाऱ्याने पेडलांच्या आधी प्लग तपासून घ्यावा. परदेशातल्या नातेवाइकाकडून अ‍ॅम्प मागवण्याचा मोह होतो, तेव्हाही अमेरिकेतला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो हे लक्षात ठेवावे. त्याला कायम एक जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सोबत न्यावा लागतो.

केबलचेही तसेच. गिटारच्या केबलमध्ये मीटरमागे साधारण शंभर पिकोफॅरड इतकी धारिता असते आणि ती वरचे सूर गिळते. तीन मीटरला हे जाणवत नाही. पण बफर नसलेली चार पेडल्स, त्यांना जोडणारे तुकडे आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर केबल, असा संसार मांडला तर सगळी पेडल्स बंद असतानाही टेलिकास्टरवर घोंगडी पांघरल्यासारखे वाटते. अशा वेळी टीएस-९चा किंवा डीडी-३चा बफर, जो फझला नको होता, तोच उपयोगी पडतो. पेडलबोर्ड वाढवत नेणाऱ्यांनी एकदा सगळे काढून केबल थेट अ‍ॅम्पला लावून ऐकावे. आपण काय गमावले होते ते तेव्हाच कळते. कित्येकांचा बोर्ड गिटारपेक्षा महाग झालेला मी पाहिला आहे, नाकापेक्षा मोती जड.

हातात पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर ते अ‍ॅम्पवर घालावेत, आणि तो अ‍ॅम्प दुकानात पेडलशिवाय, स्वतःच्या गिटारवर ऐकून घ्यावा. दुकानदार बहुधा आपल्या आवडीचे एखादे पेडल लावूनच ठेवतो. ते नम्रपणे काढायला सांगावे. त्यानंतर सहा महिने थांबावे आणि मग फ्लॅटमध्ये राहत असाल तर टीएस-९ किंवा त्या जातीचे कोणतेही पेडल घ्यावे. मला स्वतःला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची झाली तर मी डिले घेणार नाही. ब्लूज ज्युनियरचा स्प्रिंग रिव्हर्ब तीनवर ठेवला की घरच्या खोलीसाठी तेवढी हवा पुरते. ज्याला व्हॉल्व्हची देखभाल नको आहे त्याने मात्र हा अ‍ॅम्प घेऊ नये. ईएल-८४ हे झिजणारे भाग आहेत, रोज वाजवणाऱ्याला ते काही वर्षांनी बदलावे लागतात, आणि ते काम आत साठून राहणाऱ्या विजेची माहिती असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे लागते.

सध्या आठवडाभर घरी अशी मांडणी असते: अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम पाच, मास्टर दोन, बास सात, ट्रेबल पाच, ‘फॅट’ चालू, पुढे टीएस-९. महिन्यातून दोन रविवारी जॅमरूमला जाताना मी फक्त केबल खिशात घालतो. पेडल्स घरीच राहतात. अ‍ॅम्प खाली उतरवताना दुसऱ्या मजल्यावर टेकवला की काकूंचे दार उघडते, आणि आज पेले हलवायचे नाहीत हे त्यांना न सांगता कळते.